'बस ना' म्हटल्यावर तो उभा का राहिला?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, चुकत असेन तर सांगा. तुम्ही राहता खारघरला, नोकरी ऐरोलीत. शेजारच्या टेबलावरचा चेन्नईचा मुलगा हौसेने मराठी शिकतोय. दुपारी डबे उघडताना तुम्ही त्याला म्हणालात, "अरे, बस ना," आणि तो डबा हातात धरून तसाच उभा राहिला. त्याच्या वहीत लिहिलेलं होतं, 'ना म्हणजे नाही'. त्याने अर्थ लावला, बसू नकोस. मग त्याने विचारलं की हा ना एकच आहे की दोन वेगळे, आणि जन्मभर मराठी बोलूनही तुम्हाला उत्तर देता येईना. त्यात ऑफिसातल्या कुणीतरी भर घातली, की 'ना' सगळ्या जगात आहे, इंग्रजांचा 'नो' आपल्या संस्कृतातूनच तिकडे गेला आणि जपान्यांचा 'ने'सुद्धा. यातलं खरं किती, असं तुम्ही विचारलंय.

मी १८ वर्षं अमराठी लोकांना मराठी शिकवते. ठाण्यात नौपाड्याला घरी वर्ग असतो आणि आठवड्यातले दोन दिवस ट्रान्स-हार्बर लोकल पकडून ऐरोली आणि वाशीला जाते. बँकेत बदली होऊन आलेले, नर्सेस, नव्याने लग्न होऊन आलेल्या सुना असे सगळे येतात. तिसऱ्या-चौथ्या तासाला हा प्रश्न आल्याशिवाय राहत नाही. व्याकरण मी कॉलेजात शिकले, पण 'ना' मला खरा कळला तो विद्यार्थ्यांच्या चुकांतून.

खरी अडचण 'ना'चा अर्थ काय ही नाहीच. एकच आवाज कधी नकार देतो आणि कधी समोरच्याकडे होकार मागतो, ही अडचण आहे. आणि ते ठरतं दोन गोष्टींवरून: ना वाक्यात कुठे बसलाय आणि कुठल्या सुरात आलाय. जागेचा नियम सांगता येतो. सुराचं मात्र घर, गाव आणि माणूस बघून ठरतं, तिथे मी ठाम काही सांगणार नाही.

आधी एक किस्सा. माझी एक विद्यार्थिनी कोलकात्याची, नुकतीच घोडबंदर रोडला राहायला आलेली. ठाणे स्टेशनवरून रिक्षा केली. कापूरबावडीपाशी नेहमीप्रमाणे गाड्या तुंबलेल्या, म्हणून रिक्षावाल्याने वेग कमी केला. तिला वाटलं, हा आपल्याला इथेच उतरवतोय. ती घाईघाईने म्हणाली, "इथे थांबा ना!" रिक्षा कडेला घेऊन थांबली. ती घाबरली, आवाज चढवून पुन्हा म्हणाली, "अहो, थांबा ना!" रिक्षावाला मागे वळून म्हणाला, "थांबलोय ना, मॅडम!"

बंगालीत नकार क्रियापदाच्या नंतर येतो. 'इथे थांबू नका' हे बंगालीत 'एखाने थामबेन ना'. तिने शब्द मराठी घातले, बांधणी बंगालीच ठेवली, आणि 'थांबू नका'चं 'थांबा ना' झालं. मराठी कानाला ती अजिजीने थांबायची विनंती करत होती. मजा म्हणजे बंगालीतही 'एशो ना' या दोन शब्दांचे दोन अर्थ होतात, 'येऊ नकोस' आणि 'ये ना गं'. तिथे सगळा भार सुरावर. म्हणजे तुमच्या मित्राला जे कोडं पडलं ते बंगाली माणूस रोज सोडवत असतो, त्याला त्याची जाणीवही नसते.

आता मराठीचा हिशेब. नुसता 'न' क्रियापदाच्या आधी आला की नकार: न सांगता, न विचारता, न जेवता. 'ना' जोडीने आला तरी नकार: ना धड इकडे, ना धड तिकडे. पण क्रियापदाच्या नंतर नकार द्यायचा असेल तर मराठीत तो अंगावर काहीतरी चढवून येतो. नाही, नको, नका, नये, नव्हे. यांतले बरेच माणूस आणि वचन बघून बदलतातही: तो येत नाही, ते येत नाहीत, तू येत नाहीस. शेवटी उघडाबोडका 'ना' आला, तर तो नकार नसतो. तो समोरच्याला हात पुढे करत असतो.

इथे जाणकार वाचक मला पकडतील, कारण वर मीच 'उत्तर देता येईना' असं लिहून गेले. पाऊस थांबेना, दार उघडेना, काही सुचेना. हा शेवटचा ना पक्का नकारच आहे. मग फरक ओळखायचा कसा? हा ना क्रियापदाला चिकटून येतो आणि चिकटताना क्रियापदाचं रूप बदलतं, थांब नाही, 'थांबे'. शिवाय अनेकवचनात त्याला त लागतो: मुलं ऐकेनात, गाड्या हलेनात. विनवणीच्या 'ना'ला असा त कधी लागत नाही. 'थांब ना' आणि 'थांबेना' यांत कानाला एका मात्रेचा फरक आहे, पण एक दुसऱ्याच्या उलट. नवशिक्यांना मी हे पान पहिल्या महिन्यात उघडूनच दाखवत नाही. आणि याच घरातला एक नमुना तर नकार असून परवानगी देतो: "लहान असेना का, घर आपलं आहे." नवी मुंबईत एका खोलीचं घर घेणाऱ्या प्रत्येकाने हे वाक्य कधी ना कधी म्हटलेलं असतं.

शेवटच्या उघड्या 'ना'चीही सगळी कामं सारखी नाहीत. 'ये ना', 'बस ना', 'सांग ना' यात आर्जव आहे. त्यातलाच सूर तोडून, आखडून म्हटला की वैताग होतो: "थांब ना जरा!" 'येणार ना?', 'जेवलास ना?' यात उत्तर आधीच गृहीत धरलेलं असतं, फक्त शिक्का हवा असतो. रिक्षावाल्याचा 'थांबलोय ना' तिसराच. तुला दिसतंय तरी पुन्हा विचारतेस, हा त्याचा भाव. 'सांगितलं ना!', 'दिले ना पैसे!' ही त्याचीच भावंडं. आणि 'हो ना!' म्हणजे मला अगदी पटलं. याशिवाय "मी ना, काल ना, स्टेशनवर ना..." असं बोलणारी पोरं असतात. त्यांचा ना म्हणजे ऐकणाऱ्याची बाही ओढणं, मी बोलतेय, लक्ष दे. मोठी माणसं त्याला लाडिक म्हणून हसतात, पण फोनवर स्वतः बोलताना ऐकावं त्यांनी.

सगळा महाराष्ट्र इथे 'ना'च वापरतो असंही नाही. कोल्हापूर-साताऱ्याकडचा माणूस 'ये की', 'बस की' म्हणेल, त्याचं आर्जव 'की'वर चालतं. विदर्भात तो आखडून 'न' होतो, 'चल न बे'. पुण्याकडे आणि आमच्या नौपाड्यातही अनेकांच्या तोंडी 'नं' असतो, काहीजण लिहितातही तसंच. कोकणीत तर उलटीच तऱ्हा. तिथे 'ना' म्हणजे सरळसरळ 'नाही'. पेडण्याहून आलेल्या बाईंना 'बस ना' ऐकून तुमच्या मित्रासारखाच धक्का बसला असता, जर त्यांचं लहानपण मराठी शाळेत गेलं नसतं. आणि आमच्या आगरी-कोळी शेजाऱ्यांचा 'नाय' इतका खणखणीत असतो की त्याबद्दल कुणाचाच गोंधळ होत नाही.

स्वराच्या लांबीचा एक घोळ फक्त आमच्या भागातला. नका आणि नाका. ठाण्यात पाऊल टाकावं तिथे नाका, माजिवडा नाका, तीन हात नाका. एका गुजराती गृहस्थांनी महिनाभर 'तीन हात नका' असंच वाचलं आणि वर्गात विचारलं की तीन हात का नकोत. तेव्हापासून फळ्यावर मी पाच शब्दप्रयोग एकाखाली एक लिहिते: थांब ना, थांबू ना?, थांबू का?, थांबू नका, नाका. सगळे मोठ्याने म्हणायचे. दहा मिनिटं नुसता गोंगाट होतो, पण नंतर चुका निम्म्यावर येतात.

एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नाही. 'ना'चा प्रश्न नकाराला जोडून आला की उत्तराचा पत्ता लागत नाही. केरळची एक नर्स माझ्याकडे यायची, नवी मुंबईतल्या एका हॉस्पिटलात कामाला. रक्त तपासायला आलेल्या आजोबांना तिने विचारलं, "सकाळपासून काही खाल्लं नाही ना?" आजोबा म्हणाले, "हो." आता हे 'हो' कशाला? 'हो, नाही खाल्लं' की 'हो, खाल्लंय'? मराठी माणूस साधारणपणे समोरच्याच्या म्हणण्याला हो किंवा नाही म्हणतो, म्हणून 'हो' म्हणजे 'तुमचं बरोबर, खाल्लं नाही' असं धरायला हरकत नाही. पण ज्याच्या डोक्यात इंग्रजीचं वळण पक्कं बसलंय तो 'नाही' म्हणून तेच सांगेल, आणि ज्याने अर्धाच प्रश्न ऐकला त्याचं तर काहीच खरं नाही. तिला मी सांगितलं, असा प्रश्नच विचारायचा नाही. "सकाळपासून काय खाल्लं?" एवढंच विचारायचं. आजोबांनी दोन बिस्किटं आणि चहा घेतला होता.

इथपर्यंतचं आवरून ठेवते. आधीचा न नाकारतो, शेवटचा उघडा ना होकार मागतो, आणि क्रियापदाला चिकटलेला ना पुन्हा नाकारतो. आता तुमचा दुसरा प्रश्न, हा आला कुठून.

जागेवरून अर्थ ठरण्याची ही गोष्ट नवी नाही, फार जुनी आहे. वेदातल्या 'न'चेही दोन अर्थ आहेत. एक नाही, आणि दुसरा चक्क 'सारखा'. यास्क या प्राचीन पंडिताने 'निरुक्त' या वेदातल्या शब्दांचे अर्थ उलगडणाऱ्या ग्रंथात हे नोंदवलंय, की बोलण्याच्या भाषेत न फक्त निषेधाचा, वेदात मात्र दोन्ही. आणि ओळखायचं कसं, तेही त्याने सांगितलंय: ज्याचा निषेध करायचा त्याच्या आधी न येतो, ज्याची उपमा द्यायची त्याच्या नंतर. 'नेन्द्रं देवममंसत' इथे इंद्राला देव मानलं नाही, न आधी. 'दुर्मदासो न सुरायाम्' इथे दारूने झिंगलेल्यांसारखे, न नंतर. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसू आलं होतं. जे मी ऐरोलीत घसा कोरडा करून सांगते, तो धडा यास्काने कधीचाच देऊन ठेवलाय. गैरसमज नको, आपल्या 'ये ना'तला ना त्या उपमेच्या न चा वंशज नाही. दोघांचं साम्य एवढंच की छोट्या शब्दाचा अर्थ त्याच्या पोटात नसतो, शेजारावर असतो.

आपला नाही म्हणजे न आणि आहे यांची जोडी, नसणे म्हणजे न आणि असणे, नव्हे म्हणजे न आणि होय. जुन्या मराठीत या न ने आणखी एक उडी मारली. १२९०च्या ज्ञानेश्वरीत 'नातरी' हा शब्द वारंवार भेटतो, अर्थ 'किंवा'. विचित्र वाटेल, पण आपणही तेच करतो: "चहा घे, नाहीतर कॉफी." इथे कुणी कशाला नाही म्हणत नाहीये.

आता इंग्रजी 'नो'. तो संस्कृतातून गेलेला नाही. कलकत्त्यात १७८६ साली विल्यम जोन्स या संस्कृत शिकलेल्या ब्रिटिश न्यायाधीशाने जाहीर भाषणात म्हटलं की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच उगमातून निघालेल्या असाव्यात, आणि तो उगम कदाचित आता उरलेला नसेल. त्या मूळ भाषेतला 'ने' असा काहीतरी उच्चार आपल्याकडे न झाला, फारसीत न, रशियनमध्ये न्ये, लॅटिनमध्ये ने. म्हणजे न आणि 'नो'चा 'न' ही चुलत भावंडं, बाप-लेक नव्हेत. हे मी एवढं ठासून सांगते कारण 'सगळं संस्कृतातून निघालं' हे वाक्य वर्गात दर तुकडीत एकदा येतं, बहुतेक वेळा एखाद्या निवृत्त काकांकडून.

आणि 'नो' तरी एकटा कुठे आहे? जुन्या इंग्रजीत तो 'ने' आणि 'आ' यांचा जोड, 'आ' म्हणजे कधी. 'नॉट'मध्ये तर तीन तुकडे: न, कधी, आणि वस्तू. जर्मन 'नाइन' आणि लॅटिन 'नोन' दोन्ही म्हणजे न आणि एक, 'एकही नाही'. एवढा डोलारा कशाला? कारण नुसता न फार बारीक आहे, घाईत ऐकू येत नाही. मग माणसं त्याला टेकू देतात. डॅनिश भाषाशास्त्रज्ञ ओटो येस्पर्सनने १९१७ साली यावर पुस्तकच लिहिलं. फ्रेंचमध्ये नकाराला 'पा' हा टेकू दिला, मुळात 'पाऊल', म्हणजे एक पाऊलही नाही. आज बोलण्यातल्या फ्रेंचमध्ये मूळचा 'न' गळून पडतो आणि बिचारं पाऊलच एकटं नकार देत उभं असतं. आपल्याकडेही टेकू आहेतच: तसूभर हलला नाही, काडीची अक्कल नाही, कणभर फरक नाही. फक्त आपण खांब काढून टेकूवर घर उभं ठेवलेलं नाही.

मग नकाराचाच हा शब्द होकार मागायला कसा लागला? माझं मत असं: 'येणार ना?' हे 'येणार, की नाही?' याचं झिजलेलं रूप मानलं की सगळं नीट बसतं. आजही तुम्ही 'जेवलास, नाही?' म्हणू शकता, अर्थ तोच राहतो. आधी विधान करायचं, मग शेवटी नकाराची फट ठेवायची, की समोरचा आपणच ती फट बुजवतो: "हो, जेवलो." या युक्तीला कुळ लागत नाही. पोर्तुगीज वाक्याच्या शेवटी 'ने?' लावतात, तो 'नाऊं ए', म्हणजे 'नाही आहे', याचा चुरा. फ्रेंचांचा 'नेस पा', उत्तर जर्मनीतला 'ने?', तेलुगूतला 'कदा', मल्याळममधला 'अल्ले', सगळे नकारातूनच होकार काढतात. लॅटिनमध्ये प्रश्नाच्या शब्दाला '-ने' चिकटायचा, आणि होकाराचीच अपेक्षा असली की 'नोन्ने'. संस्कृतातला 'ननु'ही त्याच घडणीचा, न आणि नु. एकदा हा ना प्रश्नाच्या शेपटीला रुळला की आज्ञेच्या शेपटीला लागायला कितीसा वेळ लागणार? 'ये' हा हुकूम. 'ये ना' म्हटलं की समोरच्याला नाही म्हणायची जागा दिली, आणि जागा दिली म्हणूनच हुकमाची विनंती झाली. तुमच्या मित्राला नेमकं हेच सांगा. 'बस ना'मध्ये नकार आहेच, पण तो तुम्ही देत नाही, त्याच्या हातात ठेवता.

जाता जाता दुसऱ्या वाटेने आलेल्या 'ना'बद्दल. नाराज, नापसंत, नामंजूर, नाइलाज यांतला ना फारसीतून आला. तो आपल्या न चा इराणी नातेवाईकच, पण आपल्याकडे वेगळ्या दाराने शिरला. शिरल्यावर इतका रुळला की मराठी 'पीक' घेऊन नापीक झाला आणि इंग्रजी 'पास' घेऊन नापास. सोसायटीच्या कार्यालयात जे 'ना हरकत प्रमाणपत्र' मागतात त्यातला ना हाच, आणि ते मिळेपर्यंत जो जीव जातो त्याला मात्र कुठल्याच भाषेत शब्द नाही. देवाणघेवाण उलटीही झाली. हैदराबादेत दक्खनी उर्दू बोलणारे 'नक्को' म्हणतात, तो आपला नको.

राहिला जपानी 'ने'. तो वाक्याच्या शेवटी येतो, 'अत्सुई ने' म्हणजे 'गरम होतंय ना'. साम्य इतकं की अंगावर काटा यावा. त्याहून पुढचं सांगते: जपानीत शेवटी 'ना'ही लागतो, आणि 'इकु ना' म्हणजे 'जाऊ नकोस', तर 'ई ना' म्हणजे 'किती छान!' एकच ना, एकदा मनाई, एकदा कौतुक. तरीही नातं नाही. नातं ठरवायला एक शब्द पुरत नाही, रांग लागते. आपल्याकडे नाम, नव, नऊ, नख, नासिका. इंग्रजीत नेम, न्यू, नाइन, नेल, नोज. रांगच्या रांग जुळली, म्हणजे मूळ एक. जपानीत नाव म्हणजे 'नामाए', हा एक योगायोगाने जुळतो आणि लोक हुरळतात. पण नवं म्हणजे 'अताराशी', नऊ म्हणजे 'क्यू', नाक म्हणजे 'हाना'. रांग तिथेच मोडते.

थाईतही वाक्य मऊ करायला शेवटी 'ना' येतो, चिनीत 'ने' प्रश्नाला लागतो. तोंडाला सोपे आवाज मोजकेच आणि छोटे शब्द खूप, तेव्हा टकरा होणारच. काही टकरा तर सरळ उलट्या बाजूने होतात. ग्रीक माणूस 'ने' म्हणतो तेव्हा तो हो म्हणत असतो. कोरियनही 'ने' म्हणजे हो. चेक लोकांचा होकार 'आनो', बोलताना त्याचा नुसता 'नो' होतो, आणि प्रागमध्ये फोनवर 'नो, नो' ऐकून घाबरायचं कारण नसतं. रशियनमध्ये 'ना' म्हणत हात पुढे केला तर 'हे घे'. स्वाहिलीत 'ना' म्हणजे 'आणि'. आणि 'ना सगळ्या जगात आहे' हे तर मुळातच चूक: अरबी माणूस नकाराला 'ला' म्हणतो, तुर्की क्रियापदात 'मा' किंवा 'मे' घालतो, आणि तुमचा मित्र घरी 'इल्ले' म्हणतो.

त्याच मित्राकडे परत येते, कारण उपाय त्याच्याच भाषेत आहे. तमिळमध्ये आपल्या एका 'ना'ची दोन कामं दोन वेगळे शब्द करतात. 'जेवलात ना?' हे तो 'साप्टींग, इल्लया?' असं म्हणेल, म्हणजे नकाराची तीच फट. पण 'या ना', 'बसा ना' या आर्जवाला तिथे 'इल्ले' चालत नाही. तिथे आज्ञेला 'एन' लागतो: 'वा' म्हणजे ये, 'वायेन' म्हणजे ये ना, 'वांगळेन' म्हणजे या ना. एवढं सांगितलं की तमिळ विद्यार्थ्यांचा चेहरा लगेच उजळतो, मला बाकी काही समजवावं लागत नाही. उद्या डबा खाताना त्याला नुसतं 'वायेन' म्हणून बघा, मग 'बस ना' म्हणा. तो बसेल.

आणि वहीतली ती ओळ त्याला खोडायला लावू नका. 'ना म्हणजे नाही' हे चूक नाही, अर्धं आहे. पुढे फक्त लिहायला सांगा, 'क्रियापदाच्या आधी आला तर'. आणि खाली चार ओळी कोऱ्या सोडायला सांगा, 'थांबेना'साठी. ते पान त्याने पावसाळ्यात उघडावं, ट्रान्स-हार्बरच्या फलाटावर उभं असताना. गाडी येईना आणि पाऊस थांबेना, दोन्ही उदाहरणं समोरच असतील.